पुण्यातली इवलीशी आगगाडी

कापूस नेण्यासाठी १८७० साली जलंब-खामगाव लाईन पडली. ती जालन्यापर्यंत न्यावी, ही मागणी आपल्या आजोबांच्या काळापासूनची. रूळ मात्र अजून खामगावातच संपतात.

पुण्याला लेकीकडे गेलात, तर पोरांना कोथरूडचे जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय जरूर दाखवा. भाऊ जोशींनी निव्वळ छंदापायी उभारलेले हे चिमुकले शहर १९९८ पासून लोकांना खुले आहे. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचे डबे, म्हणजे अख्खा डबा वीतभर! सिग्नल लाल झाला की गाडी थांबते, दुसरी सुटते. मग अंधार होतो, घराघरांत दिवे लागतात. मी तर नातवापेक्षा जास्त रंगलो.

तेवढ्यात तो विचारतो, “आबा, यातली जालन्याला कोणती जाते?”