बोळक्या तोंडाचा ठसा

दांत नसलेल्या तोंडास आपल्या भाषेंत बोळकें म्हणतात. तान्ह्या मुलाचें बोळकें पाहून सारें घर हंसतें. म्हाताऱ्या माणसाच्या बोळक्याकडे कोणी फारसें पाहात नाहीं. परळी तालुक्यांतील आमच्या सिरसाळ्यासारख्या गांवांत, जेथें ज्वारीची भाकरी हेंच मुख्य अन्न, तेथें ही उपेक्षा पोटाशीं येते. आमच्या मातोश्रींनीं चारचौघांत जेवणें सोडलें तें मात्र दांत गेल्यावर नव्हे, कवळी आल्यावर. परगांवीं कोणीएकानें घाईनें करून दिलेली ती कवळी बोलतांना खालीं येई. हरिपाठास बसल्या कीं त्या टाळ बाजूस ठेवून एक हात तोंडाशीं धरीत. दोष दांतांचा नव्हता, ठशाचा होता. हें अंबाजोगाईस दुसरी कवळी करवितांना उलगडलें.

ठसा घेण्याचे कांहीं पदार्थ आळल्यावर रबरासारखे लवतात, कांहीं दगडासारखे ताठ होतात. ताठ पदार्थ दांतांच्या फटींत शिरून आळला तर मोडल्यावांचून निघत नाहीं. बोळक्या तोंडांत अडकण्यासारखें फारसें कांहीं नसतें, म्हणून तेथें त्याचें राज्य अद्याप आहे. या कुळांतील वडीलधारी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. जिप्सम भाजला कीं त्यांतील तीनचतुर्थांश पाणी उडून जातें; त्या भुकटींत पुन्हां पाणी घातलें कीं ती तापते, किंचित फुगते आणि घट्ट होते. एकोणिसाव्या शतकांतील दंतवैद्य दांत असलेल्या तोंडांतहि तिचाच ठसा घेत, तो तोंडांतच फोडून काढीत आणि तुकडे बाहेर जुळवीत. दंतवैद्याच्या कौशल्याचें कौतुक करावें कीं रोग्याच्या सोशिकपणाचें, हा प्रश्नच आहे!

1856 सालीं लंडनच्या चार्ल्स स्टेंट या दंतवैद्यानें गटापर्चांत इतर द्रव्यें मिसळून ठशाचा पदार्थ सुधारला. पहिल्या महायुद्धाच्या काळांत एसर नांवाच्या डच शल्यवैद्यानें तोच पदार्थ त्वचेचें कलम जागीं धरून ठेवण्यास वापरला, आणि नांव पुढें पुढें सरकत हृदयाच्या रोहिणींत बसविण्याच्या नळीपर्यंत गेलें. 'स्टेंट टाकला' असें आतां खेड्यांतहि बोलतात; आपण एका कवळीवाल्याचें नांव घेत आहोंत, हें कोणाच्या ध्यानींमनींहि नसतें.

आजची ठशाची वडी राळ, मेण, शंखजिरें इत्यादिकांची असते. सुमारें साठ अंश ऊन पाण्यांत ती मऊ होते आणि तोंडांत निवून कडक होते. उष्णता तिच्यांत फार सावकाश शिरते. बाहेरून लोण्यासारखी झाली तरी आंत गांठ राहते, म्हणून थोडा धीर धरावा लागतो. तिच्यानें हिरडीचा मोटा आकार मिळतो, बारकावे नाहींत. शिवाय ती जाड असल्यामुळें हिरडीस दाबते. दाबलेल्या हिरडीवर बेतलेली कवळी, हिरडी पूर्ववत् होतांच, सुटूं लागते. मातोश्रींच्या पहिल्या कवळीस हा एकच ठसा मिळाला होता.

दुसऱ्या वेळीं वडीच्या ठशावरून त्यांच्याच तोंडाच्या मापाचें पात्र केलें आणि त्यांत झिंक ऑक्साइड व युजेनॉल यांचा पातळ लेप भरला. लेप चिकटूं नये म्हणून ओठांस व्हॅसलीन चोळलें. युजेनॉल हें लवंगेच्या तेलांतील मुख्य द्रव्य. तें थोडें झोंबतें. ठसा निघाल्यावर मातोश्री दंतवैद्यबाईंस म्हणाल्या, "अगं, ही तर लवंगच कीं!" ठशांत टाळूच्या वळ्या स्पष्ट उमटल्या होत्या. कवळीस वर धरून ठेवण्यांत लाळेच्या पातळ थराचा मोठा वांटा असतो, आणि तो थर टिकतो तो अशा बारकाव्यांमुळेंच.

ही कवळी बोलतांना हालत नाहीं. भाकरीचा कडक पापुद्राहि तुटतो. भाजलेले शेंगदाणे मात्र अजून कुटूनच द्यावे लागतात. दांत गेल्यावर जबड्याचें हाड झिजतच राहतें, तेव्हां कांहीं वर्षांनीं याच कवळींत लेप भरून नवा ठसा घ्यावा लागेल व तिला आंतून अस्तर द्यावें लागेल, असें दंतवैद्यबाईंनीं आधींच बजावून ठेविलें आहे.