हातभर अंतर

वय लपवण्याची सोय मराठी भाषेने ठेवलेली नाही. जवळचे अक्षर दिसेनासे झाले की नाकावर जो चष्मा येतो, त्याचे नावच मुळी ‘चाळिशी’! माझ्या नाकावर ती आली त्याला आता सतरा-अठरा वर्षे होतील. लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त पाहायला पंचांग हाती घेतले आणि ते लांब धरता धरता हातच अपुरा पडला. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने चष्मेवाल्याची पायरी चढलो.

पण या चाळिशीने माझ्यावर एक उपकार केला. तिच्यामुळे मला काचांची गोडी लागली. प्रकाशाचा किरण वक्र काचेशी कसा वागतो, हे शाळेत आकृत्या काढून पाठ केले होते. आता ते घरात फिरता फिरता दिसू लागले.

जेवताना हातातला स्टीलचा चमचा एकदा तोंडासमोर धरून पाहा. खोलगट बाजूला आपण चक्क उलटे, आणि पाठीवर सुलटे पण बाहुलीएवढे. दाढीच्या खोलगट आरशाची तऱ्हा याहून मजेची. जवळ गेलात तर गालावरचा प्रत्येक खुंट मोठा करून दाखवील. मागे सरकू लागलात की चेहरा आधी धूसर होतो आणि आणखी मागे गेलात की खाली डोके, वर पाय! आरसा तोच, चेहरा तोच. बदलले ते फक्त अंतर.

यात आरशाचा खोडसाळपणा काही नाही. किरण ज्या कोनाने येतो त्याच कोनाने परततो, एवढाच त्याचा नियम. सपाट आरशाचे तोंड सगळीकडे एकाच दिशेला असते. खोलगट आरशाचा प्रत्येक भाग मात्र थोडा थोडा आत कललेला असतो, म्हणून लांबून सरळ आलेले किरण परत फिरताना आत वळतात आणि एका बिंदूपाशी भेटतात. त्या बिंदूला नाभी म्हणतात. घाटातल्या वळणावर लावलेला फुगीर आरसा नेमके उलट करतो. तो किरण पसरवतो. म्हणून त्या लहानशा थाळीत रस्त्याचे सबंध वळण मावते. पण समोरून येणारा ट्रक आहे त्याहून लहान आणि दूर भासतो.

भिंगाचे काम परावर्तनाऐवजी वक्रीभवनाने चालते. हवेतून काचेत शिरताना किरण वाकतो, बाहेर पडताना पुन्हा वाकतो. मध्ये जाड आणि कडेला पातळ अशा भिंगात कडेचे किरण जास्त वाकतात, मधला सरळ जातो आणि सारे पलीकडे नाभीशी एकत्र येतात. चष्म्याचा नंबर म्हणजे या नाभीच्या अंतराचाच हिशेब. एका मीटरला नंबराने भागायचे. अधिक दोनचा नंबर असेल तर नाभी अर्ध्या मीटरवर, म्हणजे सुमारे हातभर अंतरावर. खोटे वाटत असेल तर दिवसा खोलीत अंधार करून एकच खिडकी उघडी ठेवा आणि समोरच्या भिंतीपासून हातभर अंतरावर आपली चाळिशी धरा. भिंतीवर खिडकी उमटेल, गजांसकट आणि उलटी!

मौज अशी की चष्मा आधी आला आणि त्याचे कारण मागून. इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस लोक चष्मे घालू लागले. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर उलटे चित्र पडते आणि चष्म्याचे भिंग ते पडद्यावर नीट आणून बसवते, हे केप्लरने सांगितले 1604 साली. तीनशे वर्षे माणसे कारण न कळता वाचत होती!

आपल्या डोळ्यातही एक भिंग आहे आणि ते फार गुणी आहे. दूर पाहताना ते पातळ होते, जवळ पाहताना फुगते. वय वाढते तसे ते ताठर होते आणि फुगेनासे होते, तीच चाळिशी. पुढे ते गढूळ होते, तो मोतीबिंदू.

माझ्या आजीचा मोतीबिंदू 1974 साली काढला. तेव्हा गढूळ भिंग काढून टाकीत आणि त्याची भरपाई म्हणून अधिक दहाच्या आसपासचा चष्मा देत. त्या जाड काचांतून तिला प्रत्येक वस्तू पाव हिश्शाने मोठी दिसे. मोठी म्हणून जवळची वाटे आणि कपबशी घ्यायला पुढे केलेला तिचा हात अलीकडेच थांबे. दाराची चौकट तिला आत वाकलेली दिसे. तरी ती म्हणायची, “दिसतंय हेच पुष्कळ.”

खरे तर काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे बसवण्याची युक्ती त्याआधीच निघाली होती. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या छताच्या पर्स्पेक्सचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसून राहत आणि तरी डोळा ते निमूट सोसत असे. हॅरॉल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरने ते हेरले आणि 1949 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तशाच पदार्थाचे भिंग एका रोग्याच्या डोळ्यात बसवले. नंबराचा अंदाज चुकून त्या रोग्याला मोठा उणे नंबर राहिला आणि पुढे कित्येक वर्षे बड्या डॉक्टरांनी रिडलीला विरोध केला. त्याला ‘सर’ हा किताब मिळाला तो 2000 साली.

हे सारे मला आठवले ते गेल्या वर्षी, आईच्या वेळी. आईचे वय ब्याऐंशी. ती रोज पोथी घेऊन बसे. पोथी तोंडपाठ, त्यामुळे डोळे अधू झाल्याचे तिने कुणाला कळू दिले नव्हते. शेवटी माझी सहा वर्षांची नात म्हणाली, “पणजी वाचते, पण पान उलटायचं विसरते.”

डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, “आजी, नवीन भिंग बसवू. पण ते तुमच्या जुन्या भिंगासारखं फुगत नाही. एकच अंतर स्पष्ट दिसेल, बाकीच्याला चष्मा. लांबचं हवं की जवळचं?” अनेक अंतरांची भिंगेही आता मिळतात, पण आईच्या डोळ्याच्या पडद्याला ती मानवणार नव्हती.

घरात सर्वांचे एकच मत पडले : लांबचे. ती एकटी देवळात जाते, जिना उतरते. या वयात हाड मोडले तर उठणे नाही. मी तिला तसे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

“अरे, लांबचं बघायला तुम्ही आहात ना?” ती म्हणाली. “रस्त्यात कोण चाललंय ते मला नाही दिसलं तरी चालेल. तांदळातला खडा आणि पोथीतलं अक्षर माझं मला दिसू दे.”

“पण आई, पडशील कुठेतरी.”

“रस्त्यावर जाताना लावीन की चष्मा! घरात बसून हात रिकामे ठेवू का?”

डोळे तिचे होते. डॉक्टरांनी हातभर अंतराचे भिंग बसवले. पट्टी निघाली तेव्हा तिने आमच्याकडे पाहिलेच नाही. आपले दोन्ही हात समोर धरून उलटसुलट करीत राहिली. “अगं बाई, केवढ्या सुरकुत्या पडल्या!” म्हणाली आणि हसली.

आता पोथीची पाने उलटतात. देवळात जाताना ती उणे नंबराचा चष्मा लावते, घरी आली की पेटीत ठेवते. दारातून कुणी आत आले की ती मान वर करून “कोण?” म्हणून विचारते. नुसते नाव सांगून तिचे समाधान होत नाही. अगदी तिच्या पुढ्यात जाऊन बसावे लागते.