माळ्यावरचे पैलवान

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात गेलं, त्यांच्या घरच्या माळ्यावर एक डबा असतोच. डालड्याचा, नाहीतर बिस्किटांचा पत्र्याचा. झाकण इतकं घट्ट की चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागतं. आत गोट्या, आर गेलेला भोवरा, ल्यूडोची तीनच प्यादी, चाक नसलेली जीप आणि तळाशी दोन-चार पैलवान. एकाला डावा हात नाही. एकाचं डोकं भलत्याच्याच धडावर. एकाची चड्डी खिडकीच्या उरलेल्या ऑइलपेंटने रंगवलेली, कारण मूळचा रंग केव्हाच उडाला होता. हा डबा टाकायचा विषय निघाला की प्रत्येक घरात कुणीतरी म्हणालेलंच असतं, “राहू दे, लागेल कधीतरी.”

कुस्ती आमच्या घरांत दोनदा आली. आधी आजोबांबरोबर, मग केबलवाल्याबरोबर.

आजोबांची कुस्ती म्हणजे वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवरची, दारासिंग आणि किंगकाँग या पैलवानांची. कचेरी सुटली की परस्पर तिकडे जायचं आणि रात्री उशिराच्या लोकलने ठाण्याला नाहीतर कल्याणला उतरायचं. १९६८ साली दारासिंगने मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवलं, तो किस्सा जेवताना, वीज गेल्यावर, पाहुणे आल्यावर आणि पाहुणे गेल्यावरही ऐकावा लागे. आम्हा मुलांना दारासिंग ठाऊक होता तो दूरदर्शनच्या ‘रामायणा’तला हनुमान म्हणून. त्या मालिकेच्या दिवसांत दुर्गाडीच्या नवरात्रातल्या जत्रेतून प्लास्टिकची गदा न आणता परतलेला मुलगा विरळाच.

मग १९९१-९२ नंतर केबल आली. या गच्चीवरून त्या गच्चीवर, मधल्या आंब्याच्या फांदीला वळसा घालून काळी वायर आली आणि तिच्यातून स्टार टीव्हीचं प्राइम स्पोर्ट्स आलं, त्यावर डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी संघटनेची कुस्ती. सगळ्यांकडे नाही, मजल्यावरच्या एखाद्या घरात. बाकीचे उंबऱ्यावर. हल्क होगन बनियन फाडायचा, मॅचो मॅन झगझगीत झगा घालून गोल फिरायचा, जेक रॉबर्ट्स पोत्यातून साप काढायचा, अल्टिमेट वॉरियर दोरखंड गदागदा हलवायचा आणि अंडरटेकर आला की धाकटी भावंडं आईच्या पदराआड जायची. आजोबा चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, “ही कसली कुस्ती? नुरा आहे सगळी. ना पट, ना ढाक, ना कलाजंग.” आजी गवार मोडता मोडता म्हणायची, “तुमच्या वरळीची तरी कुठे खरी होती?” पुढे बराच वेळ शांतता.

पडद्यावरचे पैलवान हातात आले ते आधी पत्त्यांच्या रूपाने. ट्रम्प कार्ड. स्टेशनच्या जिन्याखाली, शाळेसमोरच्या वाण्याकडे, ठाण्यात जांभळी नाक्याला, सगळीकडे मिळत. एका बाजूला फोटो, खाली उंची, वजन, छाती, दंड, रँक. जायंट गोंझालेस हाताला लागला की उंची पुकारायची, योकोझुना लागला की वजन. पुस्तकातली फूट-इंच-पौंडांची गणितं सुटत नव्हती, पण कुणाचा दंड किती इंची हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. पत्त्याचा कोपरा दुमडला की तो पाठीमागून ओळखू येई, म्हणून सगळ्याच पत्त्यांचे कोपरे दुमडायचे, म्हणजे न्याय. चिकट झाले की कॅरमची पावडर. फाटला की मागून जुन्या कॅलेंडरचा कागद आणि भाताच्या शिताची चिकटपट्टी. एखादा हरवलाच, तर पुठ्ठा कापून, स्केचपेनने चेहरा काढून, आकडे आठवून लिहायचे. आठवताना आपल्या पैलवानाच्या दंडात दोन इंच भर पडायची, ते सोडा.

तिकडे अमेरिकेत या मंडळींच्या बाहुल्या आमच्या आधीपासून विकल्या जात होत्या. १९८४ च्या जानेवारीत होगनने आयर्न शेखला हरवून विजेतेपदाचा पट्टा जिंकला आणि त्याच वर्षी एलजेएन कंपनीने पैलवान बाजारात आणले. आठ इंची, भरीव रबराचे, एकही सांधा नसलेले. हात वर केलेला असेल तर तो जन्मभर वरच. पुढच्या वर्षी रेमको कंपनीने एडब्ल्यूए या दुसऱ्या संघटनेचे पैलवान काढले. १९९० मध्ये हॅस्ब्रो आली. तिचे पैलवान साडेचार इंची, टणक प्लास्टिकचे, पोटात स्प्रिंग. कंबर पिळून सोडली की ठोसा बसायचा, हात मागे खेचला की झपकन खाली यायचा. हा संच १९९४ पर्यंत चालला. त्यानंतर जॅक्स पॅसिफिकचे आले. त्यांचा गुडघा किंवा कोपर वाकवलं की हाडं मोडल्यासारखी कडकड वाजायची.

हे सगळं आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा परदेशी खेळणी राजरोस दुकानात यायची नाहीत. भारतात बनायचे ते जी. आय. जो सैनिक; एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये काढलेल्या फनस्कूलचे, आणि तेही वाढदिवसालाच. खरा हॅस्ब्रोचा होगन एखाद्याच्या मस्कतच्या काकांनी आणलेला असायचा. तो शोकेसमध्ये, काचेआड, स्टीलच्या फुलदाणीशेजारी. हात लावायचा नाही. काका आले की काढायचा, काका गेले की परत आत.

बाकीच्यांचे पैलवान जत्रेतले, लोकलमध्ये डब्याडब्यातून विकत येणाऱ्या फेरीवाल्याकडचे, तलावपाळीच्या फुगेवाल्याकडचे, नाहीतर उल्हासनगरचे. उल्हासनगरच्या मालावरचं ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद कल्याणच्या पलीकडे राहणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी केला आहे. आमच्या पैलवानांच्या पाठीवर असलं काही नसायचं. दोन अर्धुकं चिकटवलेली, आतून पोकळ, कुशीतून शिवण गेलेली. डोळे रंगवताना ठसा सरकलेला, त्यामुळे बुबुळं कपाळावर. धड सगळ्यांचं एकच, डोकी वेगवेगळी. त्यामुळे अंडरटेकरलाही होगनची पिवळी चड्डी. चालायचं.

आखाडा घरचाच. कधी उलटा कॅरमबोर्ड, कधी बुटांच्या खोक्याचं झाकण. चार कोपऱ्यांना चार पेन्सिली, दोरखंडाला आईच्या स्वेटरची उरलेली लोकर. लोकर मागितली की आई आधी नाही म्हणायची, मग गुंडी उलगडून द्यायची. ती तिने “राहू दे, लागेल” म्हणून ठेवलेली असायचीच. पट्टा चॉकलेटच्या सोनेरी कागदाचा. आजोबांना पट्टा मान्य नव्हता. महाराष्ट्र केसरीला चांदीची गदा मिळते, पट्टा बांधायला हा काय पोलीस आहे? मग आजीच्या परातीतून चिमूटभर कणीक घ्यायची, आगकाडीच्या टोकाला गोळा वळायचा, वाळला की वर पानाच्या दुकानातला चांदीचा कागद. ती गदा होगनच्या मुठीत नेमकी बसायची. मुंग्यांनी नेली नाही तर आठवडाभर टिकायची. पंच म्हणून जी. आय. जो, कारण त्याच्या अंगावर पूर्ण कपडे.

कपड्यांवरून आजीचं वेगळंच. “मेल्यांच्या अंगावर धड चिंधी नाही,” असं म्हणून तिने परकराच्या उरलेल्या कापडाचे लंगोट शिवून दिले, नाडीसकट. अमेरिकेत कुठल्या कंपनीने असा माल काढलेला नाही.

आणि मोडायचे किती! रोज मोडायचे. पैलवान मोडला म्हणजे संपला, असं आमच्या घरांत नव्हतं. मोडला म्हणजे संध्याकाळी बाबा येईपर्यंत थांबायचं. आधी निदान. हात निखळला असेल तर सांध्यात दोऱ्याचं वेटोळं घालून पुन्हा दाबायचा. कुशीची शिवण उकलली असेल तर सुरीचं टोक गॅसवर तापवून कडा वितळवायच्या आणि दाबून धरायच्या. सगळ्या स्वयंपाकघरात जळक्या प्लास्टिकचा वास आणि ओट्यापाशी आईची कुरकुर. फेव्हिक्विक असेल तर आधी बाबांची बोटं चिकटायची, मग पैलवान. जी. आय. जोच्या पाठीत एक बारीक स्क्रू असतो. तो काढला की छाती उघडते आणि आत एक काळं रबरी कडं दिसतं. कमरेवरचं आणि कमरेखालचं त्या कड्यानेच धरून ठेवलेलं असतं. ते तुटलं की सैनिकाचे दोन तुकडे. तिथे ताईच्या वेणीचं रबर दोन पदरी करून घातलं की सैनिक पुन्हा उभा, फक्त जरा ताठ.

सगळ्यात अवघड स्प्रिंग. आमच्यातल्या काहींच्या कमरेतही ती असायची. ठोसा मारणाऱ्याची स्प्रिंग गेली की तो नुसता डुलत बसायचा. मग बटणाच्या पेनातली स्प्रिंग काढायची, पक्कडीने अर्ध्यात तोडायची, तोडलेलं टोक आत वळवायचं आणि कमरेच्या खाचेत बसवायची. पहिल्या वेळी ती उडून कपाटाखाली जायचीच. मग सगळं घर जमिनीवर आडवं, बॅटरी घेऊन. सापडली की दुसऱ्यांदा नीट बसायची. पैलवान पूर्वीपेक्षा जोरात मारायचा आणि पेन मात्र कायमचं निकामी. बाबा दुसऱ्या दिवशी त्या पेनाला अंगठ्याने आत दाबून धरत मस्टरवर सही करायचे.

दिवाळीत या मंडळींना नोकरी लागायची. जांभळी नाक्याहून नाहीतर फडके रोडवरून मातीचे मावळे आणायचे, आवारात दगड-विटा-गोणपाटाचा किल्ला करायचा, अळीव पेरायचा. मावळे कमी पडायचे. मग बुरुजावर होगन. मावळा त्याच्या गुडघ्याला लागायचा, पण पहारा चोख. पडद्यावर काळ्या लांब कोटात येणारा अंडरटेकर ठरलेला अफझलखान. प्रतापगडाच्या पायथ्याला शामियान्यात उभा. ही नेमणूक एका सोसायटीतून दुसऱ्या सोसायटीत कशी गेली देव जाणे, पण नौपाड्यातही तीच होती आणि टिळकनगरातही. किल्ला बघायला आलेले परीक्षक वाकून बघायचे, हसू दाबायचे आणि उत्तेजनार्थ बक्षीस द्यायचे.

याच अंडरटेकरने आम्हाला खूप छळलं. १९९४ च्या जानेवारीत तो शवपेटीत बंद झाला आणि मेला अशी बातमी पसरली. कंपासपेटीत त्याला ठेवून आवारातल्या तुळशीमागे रीतसर पुरलेलं अनेकांना आठवत असेल. ऑगस्टमध्ये तो परत आला आणि मग उकराउकरी. १९९६ ला ‘खिलाडियों का खिलाडी’ लागला, त्यात अक्षयकुमारने त्याला उचलून आपटलं. शाळेत दोन तट पडले. तो खरा अंडरटेकर नव्हताच. ब्रायन ली नावाचा दुसराच पैलवान होता, हे कळेपर्यंत आमच्या नोकऱ्या लागल्या होत्या.

पुढचं भराभर झालं. २००१ च्या एप्रिलपासून आयातीवरची उरलीसुरली बंधनं उठली, चिनी खेळण्यांनी स्टेशनरोड भरून गेला. २००२ मध्ये वन्यजीवांच्या संस्थेशी कज्जा होऊन डब्ल्यूडब्ल्यूएफचं डब्ल्यूडब्ल्यूई झालं. २००७ ला हिमाचलचा खली विजेता ठरला, आजोबा असते तर म्हणाले असते, “बघा, आमच्या दारासिंगचा वारसा.” आता मुलांना हवा तो पैलवान दुसऱ्या दिवशी घरपोच येतो, पुष्कळ सांध्यांचा, चेहरा हुबेहूब. मोडला तर परत पाठवता येतो. पक्कड कुणी मागत नाही.

२०२५ च्या जुलैत होगन गेला. शाळेच्या ग्रुपवर रात्रभर फोटो येत होते. एकेकाने माळ्यावरून काढून टेबलावर उभे केलेले पैलवान: ऑइलपेंटची चड्डी, परकराचा लंगोट, वितळलेली शिवण. अमेरिकेत आज न उघडलेल्या पाकिटातले हॅस्ब्रोचे पैलवान संग्राहक मोठी किंमत मोजून घेतात. आमच्यांना भंगारवालासुद्धा काही देणार नाही. पण पाकिटातला पैलवान एकही कुस्ती खेळलेला नाही आणि त्याला कुणी लंगोटही शिवलेला नाही. आमच्या मते तो हरलाच.

सध्या आपल्याकडे गल्लोगल्ली जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. नव्या घरांना माळे नसतात. सामान हलवताना तो डबा भंगारात देण्याआधी एकदा उघडा. आतले पैलवान घरातल्या मुलांच्या हातात द्या, शोकेसमध्ये नको. मोडतील. मोडले तर नवे मागवण्याआधी बटणाच्या एखाद्या पेनातली स्प्रिंग काढून बघा. अजून बसते.