आत्याच्या कॅसेटी

अमेरिकेतल्या काकांनी पाठवलेली कॅसेट आमच्या व्हीसीआरमध्ये कधी धड लागली नाही. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या वरून खाली घसरत राहायच्या आणि त्यांच्या आडून कुणीतरी बोलल्याचा आवाज यायचा. लेस्टरच्या आत्याची कॅसेट घातली की मात्र लगेच चित्र, तेही रंगीत. अमेरिकेत टीव्हीची पद्धत एनटीएससी आणि भारतात नि ब्रिटनमध्ये पाल, म्हणून हा फरक, हे मला फार उशिरा कळलं. अण्णांनी निकाल तेव्हाच देऊन टाकला होता. "इंग्रजांनी इतकी वर्षं राज्य केलंय. त्यांचं मशीन आमच्या मशीनला ओळखतंय की."

आत्या तिकडे टीव्हीवरून रेकॉर्ड करायची. तीन तासांच्या एका कॅसेटीवर सहा भाग दाटीवाटीनं बसवायची आणि गावाकडे येणारं कुणी भेटलं की त्याच्या बॅगेत कोंबायची. कॅसेटीच्या पाठीवर मालिकेचं नाव नसायचं. तिच्या तिरक्या अक्षरात दोनच प्रकार लिहिलेले असायचे: 'हसायच्या' आणि 'नुसत्या बघायच्या'. टीव्हीच्या मालिकांचं याहून सोयीचं वर्गीकरण मला अजून कुठे सापडलेलं नाही.

तेव्हाचं नवनगर म्हणजे काळ्या मातीवर आखलेले प्लॉट आणि त्यात अधूनमधून उभी राहिलेली घरं. पुणे-बंगळूर रस्त्यावर, हुबळी आणि धारवाड यांच्या मधोमध. दोन्ही गावांची महापालिका 1962 मध्ये एक झाली, पण हुबळी आपल्या बाजारपेठेच्या तोऱ्यात, धारवाड आपल्या कॉलेजांच्या आणि गवयांच्या. आम्ही हुबळीत गेलो की धारवाडकडचे ठरायचो आणि धारवाडात गेलो की हुबळीचे. पावसाळ्यात धारवाडकडून जो पाऊस यायचा तो पडायचा नाही, नुसता रेंगाळायचा. कन्नडात त्याला 'जिटीजिटी' म्हणतात, आणि मराठी शब्द आठवेपर्यंत माणूस भिजून जातो. आत्याच्या कॅसेटींतल्या इंग्लंडमध्येही तसाच पाऊस होता. तिथली माणसंही दोन वाक्यं झाली की हवेवर यायची. परदेश बघतोय असं त्यामुळेच कधी वाटलं नाही.

घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. आणि तिन्ही जरा चुकीच्याच. "मला जायला होत नाही" हे आमचं वाक्य ऐकून पुण्याची मावसभावंडं लोळायची. होत नाही म्हणजे काय, जमत नाही म्हण! पण कन्नडात तसंच म्हणतात, तर मराठीत का म्हणू नये, हे त्यांना कोण सांगणार? शिवाय आमची 'री'. "हो री", "बसा री". समोरच्याला मान देणारी ही कन्नड 'री' आम्ही मराठीला कधी जोडून घेतली कुणास ठाऊक. पु. लं.नी बेळगावच्या रावसाहेबांना अमर केलं ते छानच केलं, पण तेव्हापासून आम्ही तोंड उघडलं की पुण्याची मंडळी पुढच्या विनोदाची वाट बघत बसतात. आम्ही नुसतं मीठ मागत असतो.

म्हणूनच असेल, मला ब्रिटिश विनोदी मालिका लगेच कळल्या. त्यांतला निम्मा विनोद कोण कसं बोलतं यावर उभा आहे. 'कीपिंग अप अपिअरन्सेस' 1990 मध्ये सुरू झाली. तिच्यातली हायसिंथ आपल्या नवऱ्याचं 'बकेट' हे आडनाव 'बुके' असं उच्चारते आणि जगानंही तसंच उच्चारावं म्हणून जिवाचं रान करते. पॅट्रिशिया राउटलेजनं ही बाई अशी उभी केली आहे की तिची कीव आणि धास्ती एकदमच वाटते. आई म्हणाली, ही तर आपल्याकडची बाई! आमच्या भागात गावाचं नाव तसंच्या तसं आडनाव होतं: गलगली, हंगल. त्यांतलं कुणी पुण्यात स्थायिक झालं की गलगलीचे गलगले होतात. बादलीचा पुष्पगुच्छ होण्यासारखंच की.

अण्णांची लाडकी मालिका वेगळी. ते महसूल खात्यात कारकून होते. 1956 पर्यंत धारवाड मुंबई राज्यात होतं, त्यामुळे त्यांच्या दप्तरातल्या जुन्या कागदांत मराठी वळणाचे शब्द गच्च भरलेले. जमिनीच्या उताऱ्याला इथला कन्नड शेतकरी आजही 'उतारा'च म्हणतो. 'येस मिनिस्टर' आणि पुढची 'येस, प्राइम मिनिस्टर' अण्णांनी इतक्या वेळा पाहिली की टेप मधे मधे झिजून चित्रावर बर्फ पडायला लागला. त्यातले मंत्र्याचे सचिव सर हंफ्री, म्हणजे नायजेल हॉथॉर्न, श्वास न घेता एक लांबलचक वाक्य सुरू करायचे आणि ते संपायच्या आत अण्णा हसायचे. त्यांना तेवढं इंग्रजी भरभर कळत नव्हतं. शेवट काय होणार ते त्यांना ठाऊक असायचं: काम होणार नाही, आणि का होणार नाही हे कुणालाही समजणार नाही. जोनाथन लिन आणि अँटनी जे यांनी हे लिहिलं ते लंडनच्या मंत्रालयांतल्या जाणकारांकडून आतल्या गोष्टी काढून घेऊन. अण्णांना ते पटलंच नाही. "आमच्या कचेरीत येऊन बसला असणार कुणीतरी," एवढंच म्हणायचे. मार्गारेट थॅचर यांना ही मालिका आवडायची, 1984 मध्ये त्यांनी तिच्यातल्या दोन मुख्य नटांबरोबर एक छोटा प्रवेशही केला होता. हे कळल्यावर मात्र अण्णा थोडे नाराज झाले. साहेबानं कारकुनाच्या विनोदाला हसावं हे त्यांना रुचलं नाही. 2001 मध्ये स्टार प्लसवर तिचं हिंदी रूप 'जी मंत्रीजी' आलं, फारूख शेख मंत्री. अण्णांनी एक भाग बघितला, म्हणाले चांगलंय, आणि परत जुनी कॅसेट लावली.

'फॉल्टी टॉवर्स'चे सगळे मिळून बाराच भाग, सहा 1975 चे आणि सहा 1979 चे. त्यातला वेटर मॅन्युएल बार्सिलोनाचा, त्याला इंग्रजी येत नाही आणि मालकाला माणुसकी. स्पेनमध्ये ही मालिका दाखवताना त्याला इटालियन करून टाकलं म्हणे. हसायचं ते शेजाऱ्याला.

कॅसेटींत एक मालिका मात्र आत्यानं कधी पाठवली नाही. 'माइंड युवर लँग्वेज'. लंडनमधला संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग, देशोदेशीचे विद्यार्थी आणि एक भला मास्तर. 1977 ते 1979 अशी चालली आणि परक्यांची टिंगल करते या टीकेनंतर बंद पडली. आमच्याकडे तिचं भलतंच वेड होतं. त्यातले सरदारजी रणजीत सिंग झालेले अल्बर्ट मोझेस मूळचे श्रीलंकेचे, लाहोरचा अली झालेले डीनो शफीक ढाक्याचे. इंग्लंडला सगळे सारखेच. 1993 मध्ये दूरदर्शनच्या मेट्रोवर तिचं हिंदी रूप आलं, 'जबान संभालके', पंकज कपूर मास्तर. त्या वर्गात मराठी माणूसही होता, विठ्ठल बापूराव पोटे, आणि ते काम विजू खोटेंनी असं केलं की मराठी माणसंच जास्त हसली.

आत्या सुट्टीवर आली तेव्हा तिला खूश करायचं म्हणून आम्ही हुबळीच्या व्हिडिओ लायब्ररीतून 'माइंड युवर लँग्वेज'ची कॅसेट भाड्यानं आणली. गिरमिट केलं, मिरची भजी आणली, शेजारचे बोलावले. जमिला नावाची ती बाई कोपऱ्यात विणत बसलेली, मास्तर काहीतरी विचारतो, ती भलतंच उत्तर देते. घर डोक्यावर घेतलं आम्ही. मी वळून पाहिलं तर आत्या नव्हती. स्वयंपाकघरात गॅससमोर उभी होती. दुधाखाली जाळही नव्हता.

आई मागोमाग गेली. मी दारात उभा होतो म्हणून मला ऐकू आलं.

"मी बसलेय री वैनी त्या वर्गात," आत्या म्हणाली. "दोन हिवाळे. दिवसभर होजिअरीच्या कारखान्यात उभं राहायचं आणि संध्याकाळी त्या बाकावर. माझ्या शेजारी एक पंजाबीण होती. ती पण विणायची."

आई म्हणाली, "बंद करू का?"

"नको नको. पोरं हसतायत की."

नंतर ती बाहेर येऊन बसली आणि शेवटपर्यंत बघितलं. एकदा हसलीसुद्धा, मास्तर फजीत झाला तेव्हा.

'नुसत्या बघायच्या' कॅसेटींत एक 'द ज्युएल इन द क्राउन' होती, 1984 ची, चौदा भागांची. पॉल स्कॉटच्या कादंबऱ्यांवरची. थोडं चित्रण मैसूरला झालेलं, त्यामुळे आमच्याकडे तिला घरचं कार्य असल्यासारखा मान. त्यातला हरी कुमार मला अजून सोडत नाही. इंग्लंडात वाढलेला मुलगा, बाप मेल्यावर भारतात येऊन पडतो. इंग्रजी साहेबाहून झकास आणि हिंदी शून्य. त्याला पकडणारा पोलीस अधिकारी मेरिक जन्मानं इंग्रज, पण साध्या घरातला. हरीचे ते मोठ्या शाळेतले उच्चार त्याच्या कानाला डाचतात. हरीला जे भोगावं लागतं त्याला कारणं पुष्कळ आहेत, पण ती जीभ त्यांत आहेच. मेरिक झालेला टिम पिगट-स्मिथ नुसता ऐकत उभा राहायचा आणि आमच्या बैठकीत चहाचे पेले निवत जायचे.

जिभांची अशी सरमिसळ धारवाडला नवी नव्हती. कवी द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कविता कन्नडात करत. जी. ए. कुलकर्णी धारवाडात इंग्रजी शिकवत आणि कथा मराठीत लिहीत. 1973 च्या ज्ञानपीठात बेंद्र्यांचा वाटा होता, त्याच वर्षीचं साहित्य अकादमी पारितोषिक जी. एं.च्या 'काजळमाया'ला मिळालं आणि त्यांनी ते परत केलं. एकाच गावातली ही दोन माणसं. पाहुण्यांनी आमच्या मराठीला नावं ठेवली की अण्णा ही दोन नावं पुढे करायचे. पाहुणे गप्प व्हायचे, आणि मग मीठ मिळायचं.

व्हीसीआर कधीच भंगारात गेला. आता दाराशी चिगरी नावाची शहर बस येते, तिच्यात बसून मोबाइलवर मी काहीही बघू शकतो. मध्यंतरी 'इट एन्ट हाफ हॉट मम' लागली. 1974 ते 1981 अशी आठ पर्वांत चालली. बीबीसीनं ती पुन्हा दाखवायचं पुढे बहुतेक सोडूनच दिलं, कारण उघड आहे: त्यातला हरकाम्या रंगी राम हा मायकेल बेट्स नावाचा गोरा नट, तोंडाला रंग फासलेला. गंमत अशी की बेट्स झाशीला जन्मलेला, त्याची हिंदुस्तानी खरीखुरी. आणि चहावाला म्हणून पुन्हा ते डीनो शफीकच. पण माझं लक्ष गावाच्या नावावर अडकलं. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश तोफखान्याची छावणी, सैनिकांची नाटकमंडळी, आणि गाव देवळाली. आपली, नाशिकजवळची! जिमी पेरी हा लेखक स्वतः तिथल्या अशा मंडळीत होता. चित्रण मात्र इंग्लंडातच उरकलेलं, देवळालीची झाडं ओळखू येत नाहीत.

मी लगेच आत्याला फोन लावला. ती ऐंशीची आहे, आणि तिची मराठी जुन्या नवनगराहूनही जुनी. इकडे आमची 'री' बोथट झाली, तिची तशीच टणक.

"बघितलंय की," ती म्हणाली. "आम्ही भाड्यानं राहायचो तिथली म्हातारी मला मुद्दाम बोलवायची. तुझ्या देशाचं लागलंय म्हणून. मी आपली जाऊन बसायची. एकदा तिच्या नवऱ्यानं चष्मा फ्रिजमध्ये ठेवला तर ती म्हणाली, हा डुलॅली झालाय. मी म्हटलं, हा शब्द आमचा."

खरंच आहे ते. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने पडून राहिलेले गोरे सैनिक कंटाळ्यानं भ्रमिष्ट व्हायचे, आणि त्या दुखण्याला त्यांनी नाव दिलं 'डुलॅली टॅप'. देवळाली, आणि पुढे आपला ताप. इंग्रजीत वेड्याला अजून डुलॅली म्हणतात.

"तिला पटलं?"

"कुठलं पटतंय! मी सांगितलं, नाशिकजवळ आहे, माझा भाऊ गेलाय तिथं. मग तिनं अ‍ॅटलास काढला. देवळाली नव्हतीच त्यात. नाशिक होतं. मी बोट ठेवून दाखवलं. ती चष्मा लावून कितीतरी वेळ बघत बसली री."

"मग?"

"मग काय, चहा ठेवला तिनं," आत्या म्हणाली. "कसला चहा, पाणीच की."