शेजारच्या फील्डमध्ये सत्तर ब्लँक

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं बिलिंग एएस/४०० वर चालायचं आणि त्याच्या आरपीजी प्रोग्रामांची देखभाल मी सांगलीत बसून करायचो. ग्राहकांची नावं नीटनेटकी करणारी एक प्रोसिजर मी लिहिली. पॅरामीटर १०० अक्षरांचा, त्याला ‘व्हारसाइझ’ लावलेलं, म्हणजे कुणी ३० अक्षरांचं फील्ड दिलं तरी कंपायलर अडवणार नाही. समोरून किती आलंय ते ‘%लेन’ सांगेल, हे मी धरूनच चाललो.

ते सांगत नाही. पॅरामीटरचा फक्त पत्ता येतो. ठरावीक लांबीच्या फील्डवर ‘%लेन’ माझ्याच डिक्लरेशनमधले १०० परत देतं. मी ३० च्या जागेत १०० लिहीत होतो आणि उरलेले ७० ब्लँक शेजारच्या मेमरीत सांडत होते. तिथे पॅक्ड दर असला की स्टेटस ९०७, डेसिमल डेटा एरर. नसला तर वरवर सगळं आलबेल. साताऱ्याहून फोन आला की मी दर भरणाऱ्यावर खापर फोडायचो. त्या बिचाऱ्याची एन्ट्री बरोबर होती.

मग प्रोसिजरला ‘ऑपडेस्क’ (पॅरामीटरची माहिती देणारा ऑपरेशनल डिस्क्रिप्टर) लावलं आणि लांबी सीईईडीओडी या एपीआयला विचारली. आता कधी बरोबर, कधी चूक. हे आधीपेक्षा वाईट. डिस्क्रिप्टर पाठवतो कॉल करणारा, तोही त्याच्या प्रोटोटाइपमध्ये ‘ऑपडेस्क’ असेल तरच. एका जुन्या प्रोग्रामात मी प्रोटोटाइप हातानं चिकटवून ठेवला होता, तो तसाच राहिला. सर्व्हिस प्रोग्रामची सिग्नेचर एक्सपोर्टची नावं आणि त्यांचा क्रम यांवरून बनते, पॅरामीटरशी तिला देणंघेणं नाही. त्यामुळे कुठेच बोंब झाली नाही. सीईईडीओडीकडून फीडबॅक कोड घेतला होता, पण तपासायचं नाव नाही! त्यात लांबीचं व्हेरिएबल ग्लोबल, म्हणून मागच्या कॉलचा आकडा त्यात तसाच बसलेला.

शेवटी ‘ऑपडेस्क’ काढलं. नुसतं वाचायचं तिथे ‘कॉन्स्ट’ आणि ‘व्हेरिंग’; व्हेरिंगच्या तोंडाशीच दोन बाइट (मोठ्या फील्डला चार) लांबीचे असतात. परत लिहायचं तिथे लांबीचा वेगळा पॅरामीटर. प्रोटोटाइप एकाच कॉपी मेंबरमध्ये. तुमच्या सोर्समध्ये ‘व्हारसाइझ’ शोधा, आणि शेजारी लांबीचा पॅरामीटर नसेल तर आधी ती प्रोसिजर दुरुस्त करा.