शिट्टी

'अ क्वाएट प्लेस' मी पहिल्यांदा पाहिला २०१८ मध्ये. इंजिनिअरिंगला होतो, सबमिशन्स डोक्यावर होती, आणि थिएटरात एसी असतो एवढ्या एका कारणासाठी होस्टेलची आम्ही सहा टाळकी गेलो होतो. दहा मिनिटांत पॉपकॉर्न चावायची चोरी झाली. नव्वद मिनिटांच्या सिनेमाला मध्यंतर देणाऱ्याला कोपरापासून नमस्कार, पण तेवढ्यातच काय ते सगळे खोकून घेत होते. बाहेर पडल्यावर वडापाव खात आम्ही फक्त त्या राक्षसांबद्दल बोललो. बाप-लेकीचा विषय कुणी काढलाच नाही.

परवाच्या शनिवारी तो परत पाहिला. इचलकरंजीला, घरी, आण्णांच्या शेजारी बसून.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात (शेवटही सांगणार आहे, तेव्हा हवं तर आधी बघून या). जगाची वाट लागलेली आहे. कुठून तरी आलेले आंधळे प्राणी आवाजाच्या दिशेने येतात आणि फाडून टाकतात. ॲबट कुटुंब एका शेतावर जगतंय. वाटेवर वाळू अंथरलेली, सगळे अनवाणी, बोलणं हातवाऱ्यांनी. ते त्यांना आधीपासूनच येतं, कारण थोरली मुलगी रेगन कर्णबधिर आहे. (मिलिसेंट सिमंड्स ही अभिनेत्रीही खरोखर कर्णबधिर आहे. दिग्दर्शक जॉन क्रॅसिन्स्कीने त्यासाठी आग्रहच धरला होता. बापाचं काम त्याने स्वतः केलंय आणि आईचं त्याची खरीखुरी बायको एमिली ब्लंटने.)

सुरुवातीलाच धाकटा मुलगा जातो. बॅटरीवरचं खेळण्यातलं यान वाजतं म्हणून बाप त्याच्याकडून काढून घेतो, बॅटऱ्या वेगळ्या करतो. रेगन दया येऊन ते गुपचूप त्याला परत देते. पोरगं बॅटऱ्याही उचलतं. पुढे पुलावर यान वाजतं आणि संपलं. वर्षभरानंतरही रेगनला वाटतंय की बाप आपल्याला दोष देतो. बाप काहीच म्हणत नाही. तो काय करतो, तर तळघरात बसून तिच्यासाठी कानाचं यंत्र दुरुस्त करत राहतो. एक चाललं नाही की दुसरं. ती वैतागते, नको म्हणते, तरी हा नवं आणून हातात ठेवतो.

आता एक किडा वळवळतोच. रेगनचं कॉक्लियर इम्प्लांट आहे. त्यात कानात वाजणारा स्पीकरच नसतो, इलेक्ट्रोड थेट आतल्या नसेला सिग्नल देतो. मग त्याची कर्कश शिट्टी वाजून राक्षस कसे लोळतात? साध्या श्रवणयंत्राची शिट्टी वाजते ती वेगळ्या कारणाने. ते कानात सैल बसलं की स्पीकरचा आवाज बाहेर गळतो, परत माइकमध्ये शिरतो, परत मोठा होतो, आणि कुईंऽऽ. असो. पिक्चर आहे :)

हे मला एवढं पाठ असायला कारण आहे. आण्णांची तीस वर्षं पॉवरलूमवर गेली, आधी कामगार, मग जॉबर. शेडमध्ये चोवीस लूम एकदम खडखडत असतात, धोटा इकडून तिकडे आपटत असतो, आवाज शंभर डेसिबलच्या आसपास. कान गेलेच. दोन वर्षांपूर्वी मी पुण्यातून ऑनलाइन एक मशीन मागवून घरच्या पत्त्यावर पाठवलं. पहिल्याच दिवशी आईचा फोन, "अरे, त्यांच्या कानात शिट्टी वाजतीया." मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, नीट घालायला सांग. पुढच्या वेळी घरी गेलो तेव्हा आण्णाच म्हणाले, "कुत्र्याचं पिल्लू बसल्यागत कुईकुई करतंय बघ. ऱ्हाऊ दे." मशीन टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये गेलं. मी मनात म्हटलं, यांना काही आणून द्यायची सोयच नाही.

ऑफिसात एखादा बग 'युजरची चूक' म्हणून बंद केला तर मीच भांडतो.

तर शनिवारी. आण्णांना इंग्रजी सबटायटल्स तेवढ्या वेगाने वाचता येत नाहीत. मी सांगायला लागलो तर त्यांनी हातानेच गप्प केलं. त्यांना सगळं कळत होतं! मग म्हणाले, शेडमध्ये आम्ही असंच बोलायचो की. धागा तुटला, मालक आला, चहा, सगळं हातांनी आणि ओठांवरून. पोरगा बापाला धबधब्याजवळ सांगतो की तू तिला प्रेम आहे असं सांगायला हवंस, तिथे ते काही बोलले नाहीत. (आमच्याकडे असं कुणी सांगत नाही. 'जेवलास काय?' एवढंच.) शेवटी बाप लांबून लेकीला हातांनी ते सांगतो, आणि राक्षसाला पोरांपासून दूर खेचायला ओरडतो. त्यानंतर ती पहिल्यांदा तळघरात जाते. टेबलावर त्याची टिपणं आणि सगळी फसलेली यंत्रं पडलेली असतात. त्याने किती वेळा करून पाहिलं होतं ते तिला तेव्हा दिसतं.

मी एकदाच पाठवलं होतं. तेही कुरिअरने.

रात्री ड्रॉवर उघडून ते मशीन काढलं. रबराची टोपी त्यांच्या कानाला केवढी तरी लहान होती. ते मापाचं नव्हतंच.

सोमवारी रजा टाकून त्यांना कोल्हापुरात ऑडिओलॉजिस्टकडे नेलं. कानाचा साचा घेतात तेव्हा कानात मऊ लगदा भरतात आणि तो घट्ट होईपर्यंत थांबायचं असतं. उजव्या कानात तो भरलेला, डाव्याने तसंही ऐकू येत नाही. आण्णा खुर्चीत ताठ बसले होते, फोटो काढायला बसल्यासारखे. खोलीच्या या टोकाला मी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, अंगठा ओठांपाशी नेला आणि भुवया उडवल्या.

मी दोन बोटं दाखवली.