फटकळ, पण कामाचा

चाकण किंवा भोसरीच्या एखाद्या कारखान्यातून प्लँट हेडचा फोन येतो, तेव्हा मागणी बहुतेक वेळा ठरलेली असते. ‘मॅडम, मुलगा हुशार आहे, पण तोंडाने फार फटकळ. पुढच्या वर्षी त्याला मॅनेजर करायचंय. तेवढं त्याच्या स्वभावाचं बघा.’ उत्पादन विभागातल्या माणसांना नेतृत्वासाठी तयार करणं हा माझा व्यवसाय. अशा फोननंतर मी पहिली भेट मुलाची घेत नाही, त्याच्या साहेबांची घेते.

कारण असा मुलगा एकटा फटकळ होत नाही. मशीन बंद पडलं, डिस्पॅच अडकला, रात्री ग्राहकाचा फोन आला, की साहेबांना तोच आठवतो. तो येतो, चार जणांवर ओरडतो, माल बाहेर काढतो. सकाळी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली जाते आणि ओरडण्याचा विषय कुणी काढत नाही. चार-पाच वर्षं हे असंच चाललं की त्याच्या डोक्यात पक्कं बसतं, आपण ओरडलो म्हणून माल निघाला. खरं तर माल निघालेला असतो तो त्याला मशीन कळतं म्हणून. या दोन गोष्टी त्याला वेगळ्या करून दाखवता आल्या, तर माझं निम्मं काम झालं.

अमेरिकेतल्या ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’मध्ये मॉर्गन मॅकॉल आणि मायकेल लोम्बार्डो यांनी १९८३ साली एक अभ्यास मांडला. वरपर्यंत पोहोचलेले अधिकारी आणि तितकेच हुशार असूनही मधेच घसरलेले अधिकारी, अशी तुलना त्यांनी केली. घसरण्याचं सर्वांत जास्त वेळा आढळलेलं कारण होतं दुसऱ्यांशी वागण्यातला तुसडेपणा. पोहोचलेल्यांमध्येही दोष होतेच. पण घसरलेल्यांच्या ज्या गुणांनी त्यांना वर आणलं होतं, तेच पुढच्या पायरीवर आड आले. हे मी साहेबांना आवर्जून सांगते. त्यांना वाटतं, बढती दिली की पोक्तपणा आपोआप येईल. तसा तो येत नाही. उलट ओरडायला माणसं वाढतात.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात अशाच एका तरुण इंजिनिअरबरोबर मी सकाळच्या उभ्या मीटिंगला जात असे. बोर्डावर आदल्या दिवसाचं उत्पादन, रिजेक्शन, मशीन बंद राहिल्याचा वेळ. एका भागाच्या बोअरचं माप रोज थोडं थोडं सरकत होतं. ‘काय झालं?’ त्याने विचारलं आणि लगेच स्वतःच उत्तर दिलं, ‘टूल बदला, ऑफसेट द्या, चला पुढे.’ त्या मशीनवरचे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे काका म्हणत, काहीतरी बोलायला पुढे झाले होते. ते तसेच मागे सरकले आणि कॉटन वेस्टने बोटं पुसत उभे राहिले. मीटिंग संपल्यावर मी मशीनपाशी गेले. काकांनी फिक्स्चरच्या लोकेटिंग पिनवर माझं बोट ठेवून फिरवायला लावलं. पिन एका अंगाने घासली होती, नखाला कड लागत होती. ‘साहेबांना का नाही सांगितलं?’ ‘ते हुशार आहेत, त्यांना ठाऊक असणारच.’

फटकळपणाची खरी किंमत इथे मोजावी लागते. भांडण दिसतं, राजीनामा दिसतो. न सांगितलेली पिन कुणाला दिसत नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना १९९०च्या दशकात रुग्णालयांचा अभ्यास करताना आढळलं, की चांगलं नेतृत्व असलेल्या वॉर्डांत औषधांच्या चुकांची नोंद जास्त होते. तिथल्या परिचारिका चूक सांगायला घाबरत नव्हत्या. बाकी ठिकाणी चुका होत्या, पण दडलेल्या.

त्या इंजिनिअरला मी ‘नरमाईने बोल’ असं कधीच म्हटलं नाही. त्याची धार मोडली तर कारखान्याचं नुकसान आहे. मी वहीत रेघा ओढत होते. त्याने किती वेळा दुसऱ्याचं वाक्य तोडलं, किती प्रश्न विचारले, त्यांतल्या कितींचं उत्तर येऊ दिलं. ती वही त्याच्यापुढे ठेवली. आकड्यांवर वाढलेला माणूस आकड्यांशी वाद घालत नाही. मग ठरलं, की मीटिंग त्यानेच घ्यायची, पण स्वतःचं मत सगळ्यांत शेवटी सांगायचं. आणि कुणाचं म्हणणं खोडायचं असेल, तर आधी ते त्याच्या मनासारखं मांडून दाखवायचं. दुसऱ्या दिवशी त्याने काकांना पुढे बोलावून ती पिन सगळ्यांना दाखवायला लावली. ‘हे काकांनी पकडलं,’ एवढंच म्हणाला. त्यानंतर मीटिंगमध्ये काका आपणहून बोलू लागले.

सर्वांत जड गेलं ते हात मागे बांधून उभं राहणं. जे सेटिंग तो चहा संपायच्या आत करतो, त्यासाठी ज्युनिअर मुलगा अर्धा तास झटतोय आणि लाइन थांबली आहे; अशा वेळी न शिरता फक्त ‘आता काय तपासशील?’ एवढंच विचारायचं. त्याच्या कपाळावर घाम यायचा. पण माणसं तयार होतात ती त्याच अर्ध्या तासात.

यात नवीन काही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मुकादमांसाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचं प्रशिक्षण तयार झालं. त्यातला एक भाग फक्त माणसांशी कसं वागावं याचा होता: काम कसं चाललंय ते ज्याचं त्याला सांगा, श्रेय वेळच्या वेळी द्या, बदल करण्याआधी कल्पना द्या, ज्याच्या अंगी जे आहे ते वापरा. युद्धानंतर हे जपानला गेलं आणि टोयोटाने ते उचललं. आपल्या कारखान्यांनी टोयोटाकडून कानबान घेतलं, फाइव्ह एस घेतलं. हा भाग बहुतेकांनी घेतलाच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तक्रार मुलीबद्दल असेल, तर मी आधी एक गोष्ट तपासते. ती खरोखर दुसऱ्यांना बोलू देत नाही, की पुरुष सहकारी जितकं स्पष्ट बोलतात तितकंच बोलते? दुसरं असेल, तर कोचिंगची गरज तिला नसते.

साहेबांकडूनही मी शब्द घेते. रात्रीचा फोन आधी शिफ्ट सुपरवायझरला जायचा. आणि बढतीची कसोटी एकच: हा मुलगा आठ दिवस गावी गेला, फोन बंद ठेवला, तर लाइन चालते का?

काही जण बदलत नाहीत. त्यांना यंत्रं आवडतात, माणसांचा कंटाळा येतो. यात कमीपणा काही नाही. त्यांना तज्ज्ञ म्हणूनच वाढवावं, मॅनेजरइतकाच पगार द्यावा. आपल्याकडे हाताखाली माणसं आल्याशिवाय पगार वाढत नाही, म्हणून नको असलेली खुर्ची त्यांना घ्यावी लागते आणि तिचा त्रास वीस-पंचवीस जण सोसतात.

येत्या मार्चमध्ये बढत्यांच्या याद्या करणाऱ्या मालकांना आणि प्लँट हेडना माझी विनंती आहे. यादीतल्या प्रत्येक नावासाठी त्याच्या लाइनवरच्या सर्वांत जुन्या ऑपरेटरला एकट्याला गाठा, चहा पाजा, आणि यादीतल्या त्या साहेबांना शेवटची वाईट बातमी त्याने स्वतःहून कधी सांगितली होती, ते विचारा. त्याला आठवत नसेल, तर ते नाव वर्षभर थांबवा आणि त्या वर्षात त्या माणसावर मेहनत घ्या.